शालनची जुळी

शालन चौगुलेची जुळी मंगळवारी सकाळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वारली. शालन स्वतः तेव्हा डॉक्टरांच्या टेबलासमोर स्टुलावर बसली होती, आणि पिशवीतला भडंग आत्ता खावा की पोटात कळ येईल म्हणून राहू द्यावा, अशा विचारात होती.

"पुन्हा गेली," डॉ. तेजल कुरणे पडद्याकडे बघत म्हणाल्या.

"कोण ओ?"

"तुमची जुळी. सकाळपासून तिसऱ्यांदा. भूल चढवली की पोटाला हात लावायच्या आत खलास."

"अगं बाई," शालन म्हणाली. लांबच्या पाहुण्याच्या मयताची बातमी ऐकल्यावर निघावा तसा तिचा आवाज निघाला. "लई तरास झाला का तिला?"

"तिला कसला त्रास? ती नुसत्या आकड्यांची आहे. त्रास तुम्हाला आहे, काकी. ती जगल्याशिवाय तुमचं ऑपरेशन होणार नाही."

शालनच्या पित्ताशयात खडे झाले होते. जेवण झालं की उजव्या बरगडीखालून कळ निघायची, ती थेट पाठीत जायची आणि अंगाला घाम फुटायचा. सोनोग्राफीत खडे स्वच्छ दिसत होते. एक तर पित्ताशयाच्या तोंडाशीच अडकायच्या बेतात होता. पित्ताशय काढून टाकलं की प्रश्न मिटणार होता, आणि जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात हे ऑपरेशन रोज होत होतं. फक्त आता कुणालाही टेबलावर घ्यायच्या आधी त्याच्या जुळीला घ्यावं लागे.

कागदोपत्री तिचं नाव 'संगणकीय देहप्रतिकृती' होतं. लोकांनी पहिल्या आठवड्यातच तिची जुळी करून टाकली. कल्पना साधी होती. हृदय म्हणजे पंप, मूत्रपिंड म्हणजे गाळणी, यकृत म्हणजे रसायनांचा कारखाना. या सगळ्यांच्या कामाची समीकरणं माहीत होती, पण माणसागणिक त्यातले आकडे वेगळे. तेच आकडे शोधायचे. बोटातला रक्ताचा थेंब, नाडी, श्वास, आजवर सांगितलेल्या तक्रारी आणि आजवर दिलेली औषधं एवढं यंत्रात घातलं, की या सगळ्याचा मेळ बसेल असं एक शरीर ते रचायचं. मग औषध आधी त्या शरीराला, सुरी आधी त्या शरीरावर. ते तगलं, तर खऱ्या माणसाची पाळी.

अडचण एकच होती. यंत्र एका नावामागे एकच शरीर धरून चालायचं. आणि शालनच्या नावामागे निम्मी पळसवाडी उभी होती.

*

सुरुवात नवऱ्यापासून झाली. दिनकर टेम्पो चालवायचा. पळसवाडीच्या शेडमधले बेदाण्याचे बॉक्स तो तालुक्याच्या कोल्ड स्टोरेजला पोचवायचा. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला एकदा फिट आली. गोळ्या सुरू झाल्यावर ती पुन्हा आली नाही. पण फिटची नोंद झाली की लायसन जातं, हे त्याला कळलं होतं. तेव्हा शालन त्याच्याच टेम्पोत बसून दवाखान्यात गेली आणि तिनं सांगितलं, फिट मला येते.

मग शेडमधल्या बायकांच्या लक्षात आलं की शालनचं दर आठवड्याला दवाखान्यात जाणं होतं. ओपीडी सकाळची आणि बेदाणा निवडायचं कामही सकाळचं. दवाखाना गाठायचा तर खाडा पडायचा. "जातच आहेस तर," म्हणत हिराक्का आली. तिला साखर होती. "जातच आहेस तर," म्हणत शकिलाभाभी आली. तिला दमा होता, आणि बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्या शेडमध्ये दमेकरी बाईला कुणी ठेवून घेतलं नसतं. शेडचा मुकादम विष्णूआण्णा तेवढंही म्हणाला नाही. तो टेम्पोजवळ जरा घुटमळला, आभाळाकडे बघत बोलला, "एका ओळखीच्या माणसाला लघवीला तटतंय," आणि निघून गेला.

सगळ्यात अवघड काम हिराक्काच्या घरचं होतं. सुनेला दिवस जावेत म्हणून हिराक्का शालनकडून रक्तवाढीच्या गोळ्या मागवायची. सून अश्विनी दिवस जाऊ नयेत म्हणून वेगळ्या गोळ्या मागवायची. तिला नर्सिंगचा कोर्स पुरा करायचा होता आणि घरात हे बोलायची सोय नव्हती. शालन दोन्ही गोळ्या आणायची, दोघींना वेगवेगळ्या वेळी गाठून द्यायची, आणि दोघींनाही म्हणायची, "देव बघून घेईल."

डॉक्टरांसमोर ती सगळं आपल्याच अंगावर घ्यायची. आपण खोटं बोलतोय असं तिला कधी वाटलं नाही. लग्नाला जाताना शेजारणीचाही आहेर घेऊन जावा, तसे ती लोकांचे आजार पोचवत होती.

यंत्रानं हे सारं निमूट ऐकून घेतलं होतं. त्याला स्वतः खोटं बोलता येत नसे, पण ऐकलेल्या गोष्टीला कारण मात्र उत्तम शोधता येई. आण्णाची प्रोस्टेटची गोळी बाईमाणसाला कशी? तीच गोळी मूतखडा सुटायलाही देतात; तेव्हा यंत्रानं शालनच्या जुळीला कायमचा मूतखडा देऊन टाकला. साखरेची गोळी चालू, आणि रक्तात साखर तर वाढलेली नाही? म्हणजे गोळी छान लागू पडली. दिलेलं औषध ज्याला दिलं त्यानंच घेतलं असणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. ते पळसवाडीला कधी गेलं नव्हतं.

*

"काकी, तुम्हाला दमा आहे?" डॉ. तेजलनी विचारलं.

"हाय की."

"धाप कधी लागते?"

"पंप संपला की."

डॉक्टरांनी खणातून एक जाड नळी काढून तिच्या हातात दिली. "यात फुंका बघू. जोरात."

शालननं छाती भरून फुंकर मारली. नळीवरचा काटा टोकाला जाऊन आदळला आणि तिथंच अडकला.

डॉक्टर काट्याकडे बघत राहिल्या. या तालुक्यात येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं, पण तेवढ्यात त्यांनी बरंच ऐकलं होतं. "ही दमेकऱ्याची छाती नाही. खरं सांगा, हा पंप कुणाचा?"

"माझा."

"आणि फिट?"

"माझीच."

"आणि दिवस जाऊ नयेत म्हणून नेता त्या गोळ्या? या वयात?"

"त्या बी माझ्याच," शालन म्हणाली आणि पदरानं मान पुसली. "आमच्या ह्यांचा काय भरवसा?"

डॉक्टरांना हसू लपवायला चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी यंत्राला आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. एरवी त्याला सांगितलं जाई की या माहितीतून एक शरीर रच. आता त्यांनी ती अटच काढून टाकली. ही सगळी माहिती नीट जुळायची तर किती शरीरं लागतील?

पडद्यावर बराच वेळ नुसतं चाक फिरत राहिलं. मग एकेक आकृती उभी राहिली. साठीचा पुरुष. दमेकरी बाई. साखरेची म्हातारी. एक तरणी पोर. आणखी एक पुरुष, फिटवाला. आणि या सगळ्यांच्या मागं एक बुटकी, गोलसर बाई, पोटात खडे घेऊन.

आकृत्यांना चेहरे नव्हते, तरी शालनला घाम फुटला. आण्णा जरा जाडच दाखवलाय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"नावं मला नकोत," डॉक्टर म्हणाल्या. "यातलं काही पुसता येत नाही; पण ज्याचं त्याला परत देता येतं. त्या माणसाच्या रक्ताचा एक थेंब मिळाला, की कुठला इतिहास त्या शरीराला बसतो ते यंत्र ओळखतं आणि उचलून त्याच्या नावावर टाकतं. पाच जणांना घेऊन या. मग तुमच्याकडे तुमचे खडे तेवढे उरतील."

"आन् ते न्हाई आले तर?"

"पित्ताशय आत्ताच सुजलंय. फुटलं तर पोटभर विष पसरेल, काकी. जिवाशी खेळ आहे."

*

शालननं आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पुष्कळ मागितलं होतं. स्वतःसाठी मागायचं म्हटलं की तिची सुरुवातच चुकायची.

"तुझ्या ऑपरेशनला माझी साखर कशी आडवी येती?" हिराक्का म्हणाली. "चिमूटभर तर हाय. आन् तिथं नाव लागलं की सुनेला कळणार. मग ती माझ्या च्यात साखर घालंल का?"

अश्विनीला खरोखर वाईट वाटलं. "काकी, मी आत्ता आले असते. पण सासूबाईंना कळलं तर मला माहेरी पाठवतील."

शकिलाभाभीनं शालनचे दोन्ही हात धरले. "शेडमदनं काढलं तर मी कुठं जाऊ, सांग. तुझ्यासाठी रोज दुवा मागीन."

"दुवेनं खडा पडत न्हाई, भाभी."

"मग जास्त मागीन."

विष्णूआण्णा तर तिच्यावरच तापला. "वैनी, मला काय धाड भरलीय? ह्या अंगाला आजवर सुई टोचलेली न्हाई."

"मग त्या ओळखीच्या माणसाला सांगा."

"सांगतो," आण्णा म्हणाला. "भेटला तर."

प्रत्येकाला आपलं ओझं क्षुल्लक वाटत होतं, आणि शालन आपल्या एकट्याचंच नेते असाही प्रत्येकाचा समज होता. तो समज मोडायचा तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं. शालननं घेतलं नाही.

घरी दिनकरनं भाकरी अर्धी टाकली. "माझं सांगून टाकतो."

"लायसन जाईल."

"जाईल."

"दुसरं काय येतंय तुम्हाला? राहू द्या तुमचं. बाकीचे चौघं आले तरी भागंल."

भागणार नव्हतं हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तो उठून बाहेर गेला आणि टेम्पोची काच पुसत बसला. काच स्वच्छच होती.

*

शनिवारी शेडमध्ये निवडायला बसलेली शालन एकाएकी पुढच्या ट्रेवर कोसळली. हिरवा बेदाणा चहूकडे उधळला. कळ या वेळी पाठीत जाऊन थांबली नाही. अंग तापलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

आण्णानं भरलेल्या टेम्पोतले बॉक्स स्वतः खाली फेकले. पेशंटबरोबर जायचं तर सगळ्यांनी जायचं, या रिवाजानं हिराक्का चढली, अश्विनी चढली, शकिलाभाभी चढली, आण्णाही चढला, आणि दिनकरनं टेम्पो असा हाणला की दवाखाना येईपर्यंत सगळ्यांनी टेम्पोची फळी घट्ट धरून ठेवली.

डॉ. तेजलनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं आणि जिल्ह्याला फोन केला. पलीकडून भूलतज्ज्ञांचा आवाज शालनच्या खाटेपर्यंत ऐकू आला. "जुळी मेलेल्या पेशंटला मी हात लावणार नाही, मॅडम. उद्या चौकशी माझी लागेल."

फोन ठेवून डॉक्टर वॉर्डाच्या दारात गेल्या. बाहेर व्हरांड्यात पळसवाडी बसली होती.

"ऐका," त्या म्हणाल्या. "काकींच्या नावावर आणखी पाच जणांची दुखणी आहेत. ती ज्याची त्यानं नेली नाहीत तर ऑपरेशन होणार नाही, आणि आज नाही झालं तर बाई वाचायची नाही. कुणाची आहेत ते मी विचारत नाही. मागं लशींच्या फ्रीजची खोली आहे, तिला मागून दार आहे. मी आत बसते. येईल त्याचं मी फक्त बोट बघेन. त्याची बातमी घरी जाणार नाही, शेडवरही जाणार नाही. फिटची नोंद तेवढी परिवहन खात्याला आपोआप जाते. ते माझ्या हातात नाही, म्हणून आधीच सांगते."

डॉक्टर गेल्या.

"कुणाची असतील बाई?" हिराक्कानं सगळ्यांकडे बघून विचारलं.

"लोकं तरी काय एकेक असत्यात," आण्णा म्हणाला. थोड्या वेळानं तो उठला. "तंबाखू थुंकून येतो."

"मी पाणी पिऊन येते," हिराक्का म्हणाली.

शकिलाभाभीच्या फोनला रेंज मिळेना. अश्विनीची चप्पल टेम्पोत राहिली होती. ती चप्पल पायात घालूनच ती शोधायला गेली.

शालनची खाट खिडकीशी होती आणि खिडकी मागच्या अंगणात उघडत होती. ग्लानीतून तिला दिसलं, की इमारतीच्या एका बाजूनं आण्णा आणि शकिलाभाभी येताहेत, दुसऱ्या बाजूनं हिराक्का आणि तिच्या मागोमाग अश्विनी. फ्रीजच्या खोलीच्या दारात चौघांची गाठ पडली.

"आण्णा, तुम्ही?" शकिलाभाभी म्हणाली.

"मी रांग लावायला आलोय," आण्णा म्हणाला. "गलका करू नका. एकामागं एक उभ्या ऱ्हावा." आणि मुकादम या नात्यानं तो सर्वांत पुढे उभा राहिला.

आतून "आई गं!" असा मोठा आवाज आला. सुई न टोचलेलं अंग बोटाला कापूस दाबत बाहेर आलं. पाठोपाठ शकिलाभाभी जाऊन आली, आणि दोघं एकमेकांकडे न बघता निघून गेली. उरल्या सासू आणि सून.

"तू कशाला आलीस गं?"

"तुम्ही कशाला आलात?"

"शालनसाठी."

"मी पण काकींसाठीच."

दोघीही खरं बोलत होत्या, त्यामुळे पुढं विचारायला काही उरलं नाही. हिराक्कानं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिनं सगळा हिशेब मनात जुळवला असावा.

"कोर्स किती राहिलाय तुझा?"

"वर्षभर."

"बरं." हिराक्कानं पदर सारखा केला. "होऊ दे तेवढा. आन् उद्यापासनं माझ्या च्यात साखर कमी घाल."

*

चौघांची दुखणी चौघांकडे गेली. डॉक्टरांनी वॉर्डातल्या पडद्यावर जुळीला पुन्हा टेबलावर घेतलं. या वेळी ती मेली नाही. ऑपरेशनच्या ऐन मध्यावर उठून बसली.

"हे फिटच्या गोळीमुळं," डॉक्टर शालनच्या उशाशी उभ्या दिनकरला म्हणाल्या. "ती गोळी बरीच वर्षं घेतली की यकृताचा कारखाना जोरात चालू होतो. भुलीची औषधं भराभर मोडून टाकतो, माणूस अर्ध्यातच जागा होतो. जास्त भूल द्यावी तर रक्तदाब कोसळतो. जिल्ह्यावाले हे चालवून घेणार नाहीत. अजून एक जण यायचाय."

त्या मागच्या खोलीकडे गेल्या.

"त्या यंत्राचंच कायतरी चुकलं असंल," शालन दिनकरकडे बघत पुटपुटली. "तुम्ही गप बसा."

दिनकरनं खिशातून टेम्पोची किल्ली काढली आणि तळहातावर ठेवून बघत राहिला.

"अगं, तू मेलीस तर माझ्या गोळ्या कोण आणणार?" तो म्हणाला आणि गेला.

खिडकीतून शालनला त्याची पाठ दिसली. मागच्या दाराशी आण्णा पुन्हा येऊन घुटमळत होता. त्याला नको तेव्हा लघवीला लागत असे.

"तू बी?" आण्णा म्हणाला.

"मी बी." दिनकरनं किल्ली त्याच्या हातात दिली. "ह्या सगळ्यांना नीट घरी पोचव. तिसरा गिअर जरा अडकतो. दाबून टाक, पण प्रेमानं."

*

शेवटच्या वेळी पडद्यावर एकच आकृती उरली होती. तिला भूल दिली, ती झोपली. पित्ताशय काढलं, ती झोपूनच राहिली. भूल उतरली, तशी जागी झाली. जिल्ह्यावरून मंजुरी आली. डॉक्टरांनी पडदा शालनकडे वळवला.

"ही बघा. आता खरी तुमची."

शालननं मान उचलून पाहिलं. ना दमा, ना साखर, ना मूतखडा. इतकी वर्षं ती या दवाखान्यातली सर्वांत भरगच्च पेशंट होती.

"एवढीच व्हय मी?" ती म्हणाली.

ॲम्ब्युलन्स निघाली तेव्हा ऊन कलत होतं. शालन स्ट्रेचरवर, बाजूच्या बाकावर दिनकर. इतक्या वर्षांत तो दुसऱ्याच्या हातच्या गाडीत बसला नव्हता. वळण आलं की तो अंग चोरायचा, गतिरोधक दिसला की त्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जायचा, आणि गाडी त्याच्या मनासारखी न थांबल्यामुळे तो पुन्हा दाबायचा.

समोरच्या परिचारकानं सलाईन तपासलं आणि हातातल्या यंत्रावर बोट ठेवलं. "मावशी, पोट सोडून आणखी काही दुखतंय का? काही त्रास?"

वर्षानुवर्षांच्या सवयीनं शालनचं तोंड उघडलं. गुडघे, धाप, चक्कर, सगळं जिभेवर तयार होतं. ती थांबली. तिनं एकेक करून ते आपलं आहे का ते पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "माझं एवढंच."

पुढं रेल्वेचं फाटक आलं. दिनकरचा पाय धाडकन पत्र्यावर आदळला.

"जातच आहोत तर," शालन परिचारकाला म्हणाली, "ह्यांचा उजवा पाय तेवढा बघून घ्या. मघाधरनं ब्रेक मारतोय. पण ह्यांच्या नावावर लिवा हं."